फणसाच्या फळ्या बंबात घालू नका: तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमच्या परसात पडलेल्या फणसाच्या ओंडक्याच्या आम्ही जागेवरच चेनसॉने फळ्या काढून दिल्या. त्या कामाला तुम्ही दोन स्टार दिलेत. तुमचं म्हणणं असं, की फळ्या खडबडीत निघाल्या, जाडी सारखी नाही, इंची सांगितल्या असताना दोन इंची कापल्या आणि तरी अर्धं लाकूड भुशात गेलं, दोन-तीन महिन्यांत फळ्या वाकल्या नि तडकल्या, आणि सॉ मिलमध्ये हेच काम निम्म्या पैशांत झालं असतं. शेवटी लिहिलंत, ‘आता या फळ्या बंबातच जाणार.’ एरवी मी सवडीने उत्तर दिलं असतं, पण हे शेवटचं वाक्य वाचलं आणि आजच लिहायला बसलो. त्या फळ्या जाळू नका. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून नीट पाहिला. एक फळी सोडली तर बाकी सगळं लाकूड कामाचं आहे.

फोटोत फळ्या घराच्या भिंतीला उभ्या टेकवलेल्या आहेत, एकीला एक चिकटून. खाली सिमेंटचा कोबा, वरून थेट ऊन. ओल्या लाकडाचं उन्हाकडचं अंग आधी सुकतं आणि आकसतं, भिंतीकडचं ओलंच राहतं. त्यामुळे फळी उन्हाच्या बाजूला पन्हळीसारखी वळते. तुमच्या पुढच्या तीन फळ्या तशाच वळल्या आहेत आणि मागच्या, सावलीत राहिलेल्या, बऱ्यापैकी सरळ आहेत.

आता भेगा बघा. डावीकडच्या दोन फळ्यांचं वरचं टोक नंतर कुणीतरी कापून सारखं केलंय. तिथे उघडं लाकूड दिसतं आणि भेगा बरोबर तिथून खाली उतरल्यात. त्याच फळ्यांच्या खालच्या टोकाला आम्ही मारलेला लाल ऑइलपेंट तसाच आहे आणि तिथे भेग नाही. लाकडातलं पाणी अंगापेक्षा टोकांतून कितीतरी झपाट्याने उडतं. टोक आकसायला लागतं, आतलं लाकूड त्याला साथ देत नाही, मग टोक फाटतं. पेंट मारायचा तो एवढ्यासाठीच, शोभेसाठी नव्हे.

जी एक फळी मी सोडली म्हटलं, ती मधली. तिच्यातून झाडाचा अगदी मध्य गेलाय. लाकूड वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते मध्यापासून सालीकडे आकसतं. त्यामुळे मध्य पोटात असलेली फळी कितीही जपली तरी फाटते. त्या फळीवर आम्ही खडूने दोन रेषा मारून दिल्या होत्या, मधली पट्टी चिरून काढा म्हणून. रेषा फोटोत अजून दिसतात. त्या रेषांवर चिरलंत तर आजही दोन्ही बाजूंना चांगल्या अरुंद फळ्या मिळतील.

इंची आणि दोन इंचीबद्दल. चेनसॉचा काप 8 ते 9 मिलिमीटर रुंद पडतो, सॉ मिलच्या बँडसॉचा, म्हणजे पातळ पात्याच्या करवतीचा, 2 ते 3. हा फरक कुठलाही कारागीर पुसू शकत नाही, कारण चेनच तेवढी रुंद असते. इंची फळ्या काढल्या की दर फळीमागे तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं लाकूड भुशात जातं. दोन इंची काढल्या तर भुसा तेवढाच, पण फळी दुप्पट जाडीची, म्हणजे शंभरातले पंधराच भाग भुशात. शिवाय पातळ ओली फळी जास्त वाकते, आणि सुकल्यावर रंधा मारून सरळ करायला अंगात लाकूडच उरत नाही. हे सगळं काम सुरू करायच्या आधी गावी असलेल्या तुमच्या काकांसमोर ओंडक्याच्या तोंडावर रेषा मारून दाखवलं होतं. काका म्हणाले होते, “जाडच काढा, पुढे सुतार बघून घेईल.” तुम्ही तेव्हा मुंबईत होतात, म्हणून कदाचित हे तुमच्यापर्यंत पोचलं नसेल. आणि तुम्ही ज्याला अर्धं लाकूड म्हणता त्यात पहिल्या कापांत निघालेल्या, एका बाजूला साल असलेल्या पाठी आहेत. त्या कुठल्याही यंत्रावर निघतातच.

खडबडीतपणा. चेनसॉला जाडी सारखी राखणारी फ्रेम लावून कापलेल्या फळीवर आडव्या रेषा राहणारच. हा कच्चा माल आहे, आणि तो रंध्याखाली जाणार हे धरूनच आम्ही जाडी चार-सहा मिलिमीटर वाढवून ठेवतो. आम्ही वापरतो ती चेन उभ्या कापासाठीची. साध्या चेनचे दात 30 अंशांच्या आसपास घासलेले असतात, या चेनचे 10 अंशांवर, कारण तंतूंच्या दिशेने लाकूड चिरताना तिरपा दात तंतू उपटतो. पहिला काप घ्यायच्या आधी ओंडक्यावर ॲल्युमिनियमची शिडी समतल बसवतो आणि फ्रेम त्या शिडीवरून सरकवतो. पुढचा प्रत्येक काप आधीच्या सपाट अंगावरून जातो. म्हणून पहिल्या कापाला आम्ही सगळ्यात जास्त वेळ घेतो. काकांना तो वेळ वाया चाललाय असं वाटलं असेल, पण पहिला काप पिळवटला की खालच्या सगळ्या फळ्या तशाच पिळवटतात.

तरीही तुमच्या दोन फळ्यांवर मध्येच एक बारीक पायरी आहे, हे खरं. ती का आली तेही सांगतो. बुंध्यापासून हातभर वर चेन लोखंडाला लागली. ठिणगी उडाली, भुसा बारीक पिठासारखा यायला लागला, आम्ही थांबलो. आत चार इंचांवर जुना खिळा होता, कधीकाळी कपडे वाळत घालायच्या तारेसाठी ठोकलेला असावा, आणि त्याच्याभोवती पिवळ्याधमक लाकडात काळा डाग पसरला होता. मेटल डिटेक्टर सालीवरून फिरवला होता, पण इतक्या आतलं लोखंड त्याला लागत नाही. खिळा काढून नवी चेन लावून त्याच कापात पुन्हा शिरलो, तिथे ती पायरी राहिली. दोन-अडीच मिलिमीटरची आहे, रंध्यात जाईल. काळा डाग मात्र जाणार नाही. देव्हारा केलात तर तो भाग त्याच्या मागच्या बाजूला घ्या.

आता पैशांचं. सॉ मिलचा घनफुटाचा दर आमच्यापेक्षा कमी आहे, आणि ज्यांच्या दारापर्यंत ट्रक जातो त्यांना आम्ही फोनवरच सांगतो की ओंडका मिलमध्ये न्या. तुमचा फणस परसात पडला होता आणि परसापर्यंत दगडी पायऱ्यांची पाखाडी आहे, रस्ता नाही. 30 इंच व्यासाचा, 8 फूट लांबीचा ओला ओंडका जवळजवळ टनभर भरतो. तो पाखाडीवरून उतरवायचा म्हणजे आधी तुकडे करायचे, आणि तुकडे केले की फळ्यांची लांबी गेली. त्यात माणसांची मजुरी, टेम्पो, वाहतुकीचा पास हे सगळं धरा आणि मग दर जुळवून बघा.

हा धंदा आम्ही का करतो तेही या निमित्ताने लिहितो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर जमिनीवर आलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत वाड्यांमध्ये आंबे, फणस मुळासकट आडवे झाले. आज्या-पणज्याने लावलेली झाडं, दोघांच्या कवेत न येणारी. लोकांनी ती जळाऊ म्हणून मिळेल त्या भावाने दिली, कारण बाहेर काढायला वाटच नव्हती. पुष्कळ ओंडके पावसात तिथेच कुजले. ज्या घरांचे दरवाजे आणि खांब फणसाचे आहेत त्याच घरांच्या मागे फणस सडत होता. ते बघवत नव्हतं, म्हणून आम्ही फ्रेम आणि चेन ज्यावरून फिरते तो मोठा बार घेतला. तेव्हा तुमच्या फळ्या बंबात जाणार हे वाचून मला का लागलं, ते कळेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण फोटोत कोब्यावर पिवळसर पूड दिसते. ती किड्याची आहे. किडा सालीजवळच्या फिकट लाकडात असतो, गाभ्यात सहसा शिरत नाही. साल आणि तो फिकट पट्टा काढून टाका, उरलेल्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी दोनदा मारा. फणस आधीच्या पावसात पडला आणि माघापर्यंत तसाच सालीसकट जमिनीवर होता, तेवढ्यात किडा शिरलाय.

बाकीच्या फळ्यांसाठी घाई फक्त एकाच कामाची आहे. पाऊस लागायच्या आत त्यांची थप्पी लागली पाहिजे. पडवीत किंवा मांगरात, जिथे वारा खेळतो पण ऊन लागत नाही, तिथे जांभ्याचे चिरे एका पातळीत मांडायचे, जमिनीपासून फूटभर उंच. त्यावर फळी, मग दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, मग पुढची फळी, आणि प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर. पट्ट्या ओल्या असल्या तर फळीवर डाग उमटतात. सगळ्यात वर चार चिरे वजनाला. कापलेल्या टोकांना पुन्हा पेंट. हवेवर सुकायला इंचाला साधारण एक वर्ष धरतात, आणि आपल्याकडे पावसाचे चार महिने लाकूड जवळपास सुकतच नाही. म्हणजे दोन इंचीला दोन वर्षं तरी. त्याआधी सुताराला देऊ नका, त्याने घाई केली तरी. वळलेल्या फळ्याही थप्पीत वजनाखाली थोड्या सरळ होतात, आणि उरलेला बाक लहान तुकडे करून रंध्यात काढता येतो. पाट, चौरंग, देव्हारा यांना चार-पाच फुटी फळी लागतच नाही.

हे सगळं लिहिलेला कागद आम्ही काकांकडे दिला होता. तो हरवला असेल तर हरकत नाही. तुम्ही गावी याल त्या शनिवार-रविवारी मी माझ्या दोन पोरांना घेऊन येतो आणि थप्पी लावून देतो. पट्ट्या आमच्याकडच्या, मजुरी लावणार नाही. स्टार बदला असं मी म्हणत नाही. तोपर्यंत काकांना एवढंच सांगा, फळ्या भिंतीपासून काढून पडवीत आडव्या ठेवा, आणि फिकट पट्टा असलेल्या वेगळ्या.