खडा लागला का?

माझे साडू पुण्यात असतात, गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामानं फ्रान्सला, लिओंला जाऊन आले. लोक येताना चॉकलेट आणतात, यांनी रेड वाईन आणली आणि थेट राजारामपुरीत आमच्या टेबलावर ठेवली. "ही फ्लरी, लिओंजवळच्या बोजोले भागातली. गुलाबी ग्रॅनाईटवर पिकलेली." ग्रॅनाईट म्हटल्यावर आमची दोघांची नजर ओट्याकडेच गेली, कारण कोल्हापुरात दगड म्हणजे काळा बसाल्ट, ग्रॅनाईट फक्त स्वयंपाकघरात.

बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये, ही रेड जरा गारच प्यायची म्हणे. उघडायला काही नव्हतं म्हणून मोठा स्क्रू बुचात पिळला आणि पक्कडीनं ओढला, अर्धं बूच बाहेर आलं, अर्धं आत पडलं, मग वाईन चहाच्या गाळणीतून गाळली. साडूंचं तोंड बघवत नव्हतं.

तरी त्यांनी इतिहास सांगितलाच. हे गामे द्राक्ष. 1395 साली बरगंडीच्या ड्यूक फिलिपनं ते उपटून टाकायचा हुकूम काढलेला. म्हणजे तडीपारच की! आणि तडीपार गडी दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाईटच्या टेकड्यांवर असा रुजला की आज त्याच्याच नावावर तिथलं सगळं चालतंय. हे मला मनापासून आवडलं.

"आता वास घ्या. चेरी, फुलं, आणि मागनं ओला दगड. याला मिनरल म्हणतात."

भातात खडा लागला म्हणून आमच्या आजोबांनी ताट सरकवून घर डोक्यावर घेतलेलं मी बघितलंय, आणि इथं दगड सापडला नाही तर मी अडाणी! त्यात चार वाजता कट मारून मिसळ खाल्लेली, जीभ अजून कामावर आली नव्हती. पहिला घोट आंबट, दुसराही आंबट, साडू टक लावून बघतायत. तिसऱ्याला मात्र, खोटं नाही सांगत, वळवाचे पहिले थेंब पडले की रंकाळ्याच्या पायऱ्यांना येतो तसला काहीतरी वास आला. का मला येईपर्यंत ते सोडणार नव्हते म्हणून आला, काय की.

खात्री करायला गुपचूप आत जाऊन ओटा चाटला. भांड्याच्या साबणाची चव. मागं बायको उभी.

मग मोबाईलवर बघितलं तर भूगर्भवाले म्हणतात, दगडाची चव मुळांतनं द्राक्षात चढतच नाही, ग्रॅनाईटला मुळात चवच नाही. तिथली जमीन हलकी, पाणी लगेच निचरून जातं, वेल बेतानं फळ धरतो, एवढाच काय तो दगडाचा हात. हे मोठ्यानं वाचायला नको होतं. साडू गप्प झाले.

जेवायला तांबडा, पांढरा आणि पाट्यावरचा खर्डा. पाट्याला त्याच आठवड्यात छिन्नीनं टाकी लावून घेतली होती, हे बायको कुणाला बोललीच नव्हती. साडूंनी भाकरीवर खर्डा घेतला, घास तोंडात घातला आणि कच्च! असा आवाज माझ्यापर्यंत आला.

बायकोनं तांब्या पुढं सरकवला. "दाजी, मिनरल लागलं काय?"