टप्पा न जिंकता विजेता: एका कात्रणाचा प्रतिवाद

टूर द फ्रान्स ऐन रंगात असताना एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतील लेखाचे कात्रण मराठवाड्यातील सायकल गटांच्या व्हॉट्सॲपवर फिरू लागले, आणि अजूनही दर पंधरा दिवसांनी कोणीतरी ते ‘वाचा आणि विचार करा’ म्हणून नव्याने पाठवतो. लेखातील दावा थोडक्यात असा आहे: रस्त्यावरची सायकल शर्यत हा खरा खेळच नव्हे. तिथे एकही टप्पा न जिंकणारा माणूस विजेता ठरतो, बाकीचे दुसऱ्याच्या आडोशाने चालतात, सगळे औषधे घेतात. आणि आपल्याकडचे हौशी त्यांचे अनुकरण करत हमरस्ते अडवतात व ६०० किलोमीटरला ४० तास घेऊन स्वतःचे सत्कार करवून घेतात. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि बारा वर्षांपासून लांब पल्ल्याची सायकल चालवतो. हा लेख मी तीन वेळा वाचला. लेखकाच्या मनात आकस असावा असे मला वाटत नाही. ‘पहिला कोण आला?’ या एकाच प्रश्नाचे माप घेऊन तो या खेळाकडे गेला आहे आणि जे जे त्या मापात बसले नाही, ते त्याला लबाडी वाटले आहे.

पहिला आक्षेप टप्प्यांचा. टूर द फ्रान्समध्ये २१ टप्पे असतात, प्रत्येक टप्प्याला लागलेली वेळ मिळवत नेतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पिवळी जर्सी घालतो, इतके साधे हे गणित आहे. २०१७ साली ब्रिटनच्या क्रिस फ्रूमने एकही टप्पा जिंकला नाही. साडेतीन हजार किलोमीटरनंतर कोलंबियाच्या रिगोबेर्तो उरानपेक्षा त्याची एकूण वेळ ५४ सेकंदांनी कमी भरली आणि तो विजेता झाला. १९९० साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडचेही असेच झाले होते. उलट बाजूला मार्क कॅव्हेंडिश पाहावा. त्याने २०२४ मध्ये आपला ३५ वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला, पण एकूण विजेतेपदाच्या आसपासही तो कधी नव्हता. सपाटीच्या टप्प्यावर सगळा घोळका एकत्र पोहोचला की त्यातील प्रत्येकाला एकच वेळ दिली जाते, म्हणून शेवटच्या दोनशे मीटरचा राजा असलेल्या कॅव्हेंडिशला जिंकूनही बोनसाच्या १० सेकंदांपलीकडे काही मिळत नसे, आणि पुढे आल्प्स किंवा पिरेनीज आला की तो त्याच्या कित्येक पट वेळ गमावून, त्या दिवसाच्या वेळमर्यादेच्या आत कसाबसा पोहोचत असे. ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची बक्षिसेही वेगळी आहेत: गुणांसाठी हिरवी जर्सी, चढांसाठी लाल ठिपक्यांची.

यात मराठी वाचकाला परके वाटावे असे काहीच नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात आणि शर्यत दुसऱ्याच कोणी जिंकली तरी त्याचा सन्मान वेगळा होतो, हे आपल्या वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे छापले आहे. २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भ आणि केरळ यांच्यातील लढत अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भ विजेता ठरला; तेव्हा ‘सामना न जिंकता करंडक कसा?’ असा सवाल एकाही क्रीडापानाने केला नाही, कारण तिथे लिहिणाऱ्याला नियम ठाऊक होता.

दुसरा आक्षेप आडोशाचा. माझ्या मते संपूर्ण कात्रणातील सर्वांत मोठे अज्ञान इथे आहे. लेखकाने दूरचित्रवाणीवर दीडशे सायकलस्वारांचा घोळका पाहिला, पुढचे चार जण घाम गाळत आहेत आणि मागचे निवांत दिसत आहेत हे पाहिले, आणि मागच्यांना कामचुकार ठरवले. आषाढात जालन्याहून संभाजीनगरकडे एकट्याने सायकलवर निघून पाहावे, असे मी त्यांना सुचवीन. त्या दिवसांत पश्चिमेचा वारा थेट तोंडावर असतो. बदनापूर येईपर्यंत माणूस आपल्या सायकलचा ब्रेक चाकाला घासतो आहे का म्हणून दोनदा उतरून पाहतो, आणि करमाडपर्यंत पोहोचला की वाऱ्याशी मोठ्याने बोलू लागतो. सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाला सायकलस्वाराच्या ताकदीचा फार मोठा हिस्सा केवळ हवा कापण्यात जातो. वेग दुप्पट झाला तर हवेचा अडथळा चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. पुढच्याच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवून चालणाऱ्याची यातील साधारण पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. कानातला वाऱ्याचा घोंघाट अचानक उतरतो आणि पुढच्याच्या साखळीचा आवाज ऐकू येऊ लागतो, तेव्हा आपण आडोशात शिरलो हे कळते.

हा आडोसा फुकट मिळत नाही. आम्ही सहा जण त्या रस्त्यावर निघतो तेव्हा पुढे राहण्याची पाळी दोन-तीन मिनिटांची असते. पाळी संपली की पुढचा कोपर किंचित हलवतो, बाजूला सरकतो, मागे येतो आणि दुसरा वारा अंगावर घेतो. पुढच्याने खड्डा दिसताच हात खाली करून दाखवायचा आणि मागच्याने त्या हातावर विश्वास ठेवायचा, कारण त्याला पुढच्याच्या पाठीपलीकडचे काहीच दिसत नसते. व्यावसायिक शर्यतीत हेच काम संघाच्या पातळीवर होते. टूरमध्ये एका संघात आठ जण असतात आणि त्यांतील बहुतेकांचे काम नायकाला वाऱ्यापासून झाकणे, संघाच्या गाडीजवळ मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत खुपसून आणणे, आणि वेळ आलीच तर स्वतःचे चाक काढून त्याला देणे हे असते. कात्रणात याला ‘ठरवून हरणे’ म्हटले आहे. कबड्डीत पकडीसाठी साखळी धरणारा खेळाडू स्वतः गुण मिळवत नाही, म्हणून तो ठरवून हरतो असे मराठवाड्यात म्हणून दाखवावे.

आणि एकट्याच्या कर्तृत्वाला या खेळात जागाच नाही, हे कात्रणातील विधानही चुकीचे आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या महिलांच्या १३७ किलोमीटरच्या शर्यतीत ऑस्ट्रियाची ॲना किसेनहोफर, जी पेशाने गणितज्ञ आहे, सुरुवातीलाच काही जणींसह घोळका सोडून पुढे गेली आणि शेवटचे सुमारे ४० किलोमीटर एकटीने वाऱ्याशी झुंजत सुवर्णपदकापर्यंत पोहोचली. ऑलिंपिकमध्ये सायकलस्वारांना संघाशी बोलायला रेडिओ नसतो. दुसऱ्या आलेल्या नेदरलँड्सच्या ॲनेमीक फान फ्लोटेनने आपणच जिंकलो असे समजून रेषेवर हात उंचावले, कारण पुढे कोणी उरले आहे हे तिला माहीतच नव्हते. घोळका एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसला, पाठलागाचे कष्ट कोणी घ्यायचे यावरून अडला, आणि तेवढ्यात किसेनहोफर निसटली. आडोशाचे सगळे राजकारण या एका शर्यतीत आहे. निकालाची एक ओळ छापणाऱ्याला ते दिसणार कुठून?

औषधांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ मधील टूरची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली, आणि त्या काळातील घोळक्यात औषधांचा सुळसुळाट होता, हे कोणीही सायकलपटू नाकारत नाही. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २००८ मध्ये खेळाडूंच्या रक्तातील बदलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारा ‘जैविक पासपोर्ट’ सुरू केला, तो याच बदनामीतून. यामुळे आज कोणीच औषध घेत नाही असे मी म्हणणार नाही. पण ‘सगळे घेतात’ हे वाक्य लिहिताना आजच्या एखाद्या तरी खेळाडूबद्दल काही पुरावा द्यावा लागतो, वीस वर्षांपूर्वीचे छायाचित्र पुरत नाही. शिवाय एक गोष्ट कात्रणात सोयीस्करपणे गाळली आहे. आर्मस्ट्राँग जिंकत होता तेव्हा ‘कर्करोगावर मात करणारा महानायक’ हे मथळे वृत्तपत्रांचेच होते. डेव्हिड वॉल्शसारखे मोजके पत्रकार शंका घेत होते, तर वॉल्शच्या वृत्तपत्राला, लंडनच्या संडे टाइम्सला, आर्मस्ट्राँगने न्यायालयात खेचून तडजोडीचे पैसे भरायला लावले. आधी देव केला आणि नंतर अख्ख्या देवळालाच कुलूप लावले.

चौथा मुद्दा रस्ता अडवण्याचा. दहा जण एकामागे एक चालले तर त्यांची रांग दोन-दोनच्या जोडीपेक्षा जवळपास दुप्पट लांब होते, आणि ती ओलांडायला मागच्या वाहनाला तितकाच जास्त वेळ समोरच्या मार्गिकेत काढावा लागतो. म्हणून जोडीने चालणे दर वेळी उर्मटपणाच असतो असे नाही. अरुंद रस्त्यावर, मागे गाड्या तुंबल्या असताना, गप्पा मारत तिघे-तिघे चालणारे आमच्यातही आहेत आणि त्यांना शिव्या पडतात त्या योग्यच आहेत. पण याच पानांवर अपघाताची बातमी कशी येते, तेही पाहावे. ‘सायकलस्वार ट्रॉलीला धडकला’ आणि पुढच्याच ओळीत ‘त्याने हेल्मेट घातले नव्हते’. कारखाने सुरू झाल्यावर लातूर, धाराशिव, बीडच्या रस्त्यांवर पहाटे उसाने लादलेल्या, मागे ना दिवा ना परावर्तक अशा जोडट्रॉल्या उभ्या असतात, हे बातमीदाराला ठाऊक असते. तरी ट्रॉलीला दिवा होता का, हे तो लिहीत नाही. सायकलच्या हेल्मेटची युरोपीय मानकानुसार चाचणी होते ती दीड मीटरवरून पडल्याइतक्या, म्हणजे ताशी सुमारे २० किलोमीटरच्या आघातासाठी. मी ते न घालता घराबाहेर पडत नाही, पण भरधाव ट्रकपुढे त्याच्याकडून काय अपेक्षा करायची, याचे भान बातमी लिहिणाऱ्यालाही असावे.

राहिला आमच्या ६०० किलोमीटरचा प्रश्न. ४० तासांत ६०० म्हणजे ताशी १५, ‘एवढ्या वेगाने तर आमचा दूधवाला जातो’, असा लेखातील टोला आहे, आणि तो भरपूर फॉरवर्ड झाला. दूधवाल्याबद्दल मला आदर आहे, पण तो दोन तासांत घरी पोहोचतो. ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला पूर्ण करण्याचा बीआरएम नावाचा हा प्रकार पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालतो: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०, हे चारही एका हंगामात पूर्ण करणाऱ्याला ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. मांजरसुंब्याचा घाट, चौसाळ्याच्या ढाब्यावरची शेवभाजी, येडशीच्या रानात मध्यरात्री झालेले पंक्चर आणि मोबाईल तोंडात धरून शोधलेला टायरमधला तारेचा तुकडा, मंगल कार्यालयाच्या ओट्यावर घेतलेली दीड तासाची झोप, हे सगळे त्याच ४० तासांत बसवायचे असते. आणि ही शर्यत नाही. तिच्यात क्रमांक नसतात. उलट फार वेगाने जाण्यालाही बंदी आहे: पहिल्या २०० किलोमीटरसाठी ताशी ३४ ही कमाल मर्यादा धरलेली असते, त्यामुळे २०० व्या किलोमीटरवरचे तपासणी ठाणे ५ तास ५३ मिनिटांच्या आधी उघडतच नाही, कोणी लवकर पोहोचलाच तर त्याने चहा घेत कार्डावर शिक्का मिळण्याची वाट पाहायची.

हे आम्ही इथल्या एका दैनिकाला लेखी कळवले होते. पूर्ण करणाऱ्यांची यादीही दिली होती, नेहमीप्रमाणे वर्णानुक्रमाने. दुसऱ्या दिवशी यादीतील पहिले नाव ‘प्रथम’, दुसरे ‘द्वितीय’ आणि तिसरे ‘तृतीय’ म्हणून छापून आले. आमचा जो मित्र ‘अ’ पासून नाव सुरू होते म्हणून प्रथम आला, त्याचा गावच्या ग्रामपंचायतीने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. खरे काय ते सांगण्याची त्याने दोनदा खटपट केली आणि दोन्ही वेळा लोकांनी त्याच्या विनयाचे कौतुक केले.

पुढच्या वर्षी त्याच दैनिकाच्या बातमीदाराचा फोन आला. पहिला कोण, असे त्याने विचारले. पहिला असा कोणी नसतो, मी सांगितले. मग बातमी कशाची करायची, हा त्याचा प्रश्न मला रास्त वाटला, म्हणून मी त्याला एक गोष्ट सांगितली: बीड सोडल्यावर मागच्या चाकाची तार तुटलेला, मग चाक ब्रेकला घासू नये म्हणून मागचा ब्रेकच सोडवून शेवटचे शंभर किलोमीटर पुढच्या एकट्या ब्रेकवर आलेला आणि मुदतीला सात मिनिटे उरली असताना पोहोचलेला एक शाळामास्तर. बातमीदाराने सगळे नीट ऐकून घेतले, गावाचे नावसुद्धा दोनदा विचारून लिहून घेतले. सकाळी चार ओळींची बातमी आली. मथळा होता: ‘सायकल स्पर्धेत शिक्षक शेवटून पहिला’.