गोळी कचऱ्यात टाका म्हणे!

गेल्या महिन्यात रात्री सव्वादोनला साताऱ्याहून आत्याचा फोन. "छातीत धडधडतंय रे. हात नुसते थरथरतायत. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही." वय ७१. खोदून विचारल्यावर कळलं, आठ वर्षं चालू असलेली अल्प्राझोलामची गोळी बाईंनी एका झटक्यात बंद केलीय. कारण आमच्या फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: "झोपेची गोळी म्हणजे हळूहळू मरण! आजच कचऱ्यात टाका, ७ दिवसांत शरीर आपोआप झोपायला शिकेल." खाली 'एका निवृत्त डॉक्टरांचा सल्ला'. डॉक्टरांना ना नाव, ना गाव. तुमच्याही ग्रुपवर तो फिरला असेलच, म्हणून हा खटाटोप.

'आजच कचऱ्यात टाका' हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं. मेंदूला शांत करणारं 'गाबा' नावाचं रसायन असतं, त्याचा जोर ही गोळी वाढवते. रोज बाहेरून मदत मिळायला लागली की मेंदू आपला ब्रेक सैल सोडतो. मग एका रात्रीत गोळी काढून घेणं म्हणजे खंबाटकीच्या उतारावर गाडीचा ब्रेक काढून घेणं. धडधड, थरथर, घाम, पूर्वीपेक्षा वाईट निद्रानाश, आणि काहींना चक्क आकडी. हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, २०२० साली या गटातल्या सगळ्या औषधांवर आपला सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. औषध अचानक थांबवलं किंवा डोस भराभर उतरवला तर आकडी येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. फॉरवर्डवाल्या 'डॉक्टरां'नी तेवढं वाचलं असतं तर माझी ती रात्र वाचली असती.

आणि ते ७ दिवस कुठून आणले? गोळी सुटल्यावरचा त्रास आठवडेच्या आठवडे रेंगाळू शकतो.

'एकदा घेतली की जन्माची सवय' हा दुसरा मुद्दा. एकदा घेतल्याने जन्माची सवय लागत नाही. पण एफडीएच्या त्याच इशाऱ्यात हेही आहे की रोज घेतली तर काही दिवसांत ते काही आठवड्यांत शरीर तिच्यावर अवलंबून राहू लागतं, अगदी डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसवरसुद्धा. म्हणजे इथे फॉरवर्ड निम्मा बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. अल्प्राझोलाम आपल्याकडे शेड्युल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीत येतं, दुकानदाराने रजिस्टरात नोंद ठेवायची असते. आत्याला मात्र मेडिकलवाला वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर स्ट्रिप काढून देत होता. म्हातारपणी या गोळ्यांनी तोल जातो, पडून हाडं मोडतात, तेही खरं. जुनाट निद्रानाशावर आधी गोळी नको, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी थेरपी द्या, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. गोळी सोडायला कुणाचीच ना नाही, फक्त ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने सोडायची असते.

फॉरवर्डचा तिसरा मुद्दा, या गोळ्यांनी 'स्मृतिभ्रंश होतोच'. २०१४ च्या एका अभ्यासात संबंध दिसला होता, २०१६ च्या दुसऱ्यात डोस वाढला तरी धोका वाढलेला दिसला नाही. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीलाच झोप बिघडते, म्हणून आधी काय आणि नंतर काय हा घोळ आहेच. त्यातला 'च' तेवढा काढा.

आणि गोळीऐवजी काय, तर 'जायफळ नैसर्गिक, अख्खं उगाळून घ्या'. अहो, श्रीखंडात सुद्धा चिमूटभरच किसतो आपण! अख्खं पोटात गेलं तर उलट्या, धडधड आणि भलतेसलते भास होऊ शकतात. धोतराही नैसर्गिकच असतो.

आत्याची गोळी डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू केली आणि आता ते ती हळूहळू उतरवतायत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तिच्या अक्षरात 'अर्धी', 'अर्धी', 'अर्धी' लिहिलेलं असतं. परवा म्हणाली, "जायफळाचं दूध चालेल ना रे, चिमूटभर?"

म्हटलं, घे.