तेरावा म्हणजे हरला का?

ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर मन्याने पिन मारली, "दत्तू भोकनळचं एवढं कसलं कौतुक रे? रिओ ऑलिंपिकला बोट वल्हवण्याच्या शर्यतीत तेरावा तर आला!"

सुन्या पेटलाच. "तेरावा कसा आला ते तरी बघ." रोइंगमध्ये एका फायनलला सहा बोटी. पहिले सहा नंबर 'ए' फायनलमध्ये ठरतात, पुढचे सहा 'बी'मध्ये, मग 'सी'. दत्तूने 'सी' जिंकली, म्हणून तेरावा. तिथून याच्या वर नंबर मिळतच नाही. वेळ ६ मिनिटं ५४.९६ सेकंद.

"आणि सोनंवाल्याची?"

"ड्रायस्डेल, ६:४१.३४."

"म्हणजे साडेतेरा सेकंद मागे!" मन्या खूश. शर्यत वेगळी, वारा वेगळा, असं थेट वजा करत नाहीत, पण कट्ट्यावर ऐकतो कोण? मी एवढंच म्हटलं की तळेगाव रोहीचा, दुष्काळी चांदवड तालुक्यातला, विहिरी खोदणारा पोरगा २०१२ला सैन्यात जातो, तिथे पहिल्यांदा वल्हं धरतो आणि चार वर्षांत ऑलिंपिकला पोचतो. आपण जन्मभर तलावाला खेटून राहिलो, पेडल बोटीच्या पुढे गेलो नाही.

"दंडात ताकद असणार," बाळ्या म्हणाला. तर सुन्या तिथेच कट्ट्यावर बसून दाखवायला लागला. गुडघे छातीशी घेतले, पाय दाणकन ताणले, मग कुठे हात ओढले. एक चप्पल थेट भेळवाल्याच्या गाडीखाली. सीट मागेपुढे सरकते, जोर पायांचा लागतो, आणि पाठ फिनिशकडे असते. दोन किलोमीटर असंच.

मन्याने मग हुकमाचं पान काढलं: २०१८ची एशियाड. २३ ऑगस्टला सिंगल स्कल्सच्या, म्हणजे एकट्याच्या बोटीच्या, फायनलमध्ये दत्तू सहावा, म्हणजे शेवटचा. कारण काय, तर तब्येत बिघडली. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंगबरोबर चौघांच्या बोटीत सोनं. "एका रात्रीत बरा झाला?"

प्रश्न अगदीच वावगा नाही. रोइंग फेडरेशनलाही तोच पडला आणि २०१९मध्ये दोन वर्षांची बंदी आली. दत्तूचं म्हणणं, तब्येत खरंच बिघडली होती. मला विचाराल तर, टोकियो ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना एका शर्यतीवरून दोन वर्षं म्हणजे फारच झालं. जानेवारी २०२०मध्ये बंदी उठवली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार! आता यातून काय ते समजा.

"टोकियोत आपलेच अर्जुनलाल आणि अरविंद अकरावे आले. म्हणजे त्याच्याही पुढे," मन्या काही हटेना.

"ते दोघांच्या बोटीत. हा एकटा होता."

"तरी ऑलिंपिकचं पदक नाही ते नाहीच."

"रोइंगमध्ये आपल्याकडे आहे कुणाला?"

मन्याने फोन काढला, बराच वेळ शोधत बसला. तोवर बाळ्याने वाकून चप्पल काढून आणली.