आजी आणि छपरावरची तबकडी

'ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेतला आवडता भाग कोणता, असं विचारलं की निम्मी जनता विमानाच्या पंखावरच्या त्या केसाळ प्राण्याचं नाव घेते. तोही भारी आहे, वाद नाही. पण माझं मत 'द इन्व्हेडर्स'ला, म्हणजे 'घुसखोर'ला. २७ जानेवारी १९६१ ला सीबीएस वाहिनीवर लागलेला, जेमतेम २५ मिनिटांचा. (शेवट सांगणार आहे. साठ वर्षं उलटून गेलीत, स्पॉयलर म्हणून ओरडू नका.)

चार वर्षांपूर्वी गणपतीत गावी, संगमेश्वरकडे, दुपारपासून लाइट गेलेली. लॅपटॉपवर हा भाग उतरवून ठेवला होता. आजीला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण भुताच्या गोष्टी म्हटल्या की ती जेवण टाकून येईल. लावला. मालिकेचा कर्ता रॉड सर्लिंग सुटात येऊन प्रस्तावना करून गेला. "हा सूत्रधार," आजी म्हणाली. झालं, तिची बैठक जमली.

गोष्ट एवढीशी. आडरानातलं घर, वीज नाही, एक बाई एकटीच राहते. स्वयंपाकघरात काहीतरी चिरतेय आणि छपरावर धाडकन काहीतरी आदळतं. आजी लगेच, "वानर!" आमच्याकडे कौलांवर आवाज आला की पहिला संशय वानरांवरच. बाई शिडीने वर चढली तेव्हा आजी चिडली. "हिला काय घाई? हातात काठी तरी घ्यायची!" छपरावर उडती तबकडी, आणि तिच्यातून उतरलेले वीतभर उंचीचे दोघे. खरं सांगायचं तर ते आज चावीच्या खेळण्यांसारखे दिसतात. आजी खुदकन हसली. पण त्यांच्या हत्याराने बाईच्या अंगावर फोड उठले, मग तिचाच स्वयंपाकघरातला सुरा पळवून त्यांनी तिचा पाय कापला, तेव्हा हसू थांबलं. आपल्याच घरातली रोजच्या वापरातली वस्तू अंधारातून आपल्यावर येते, ही भीती कुणी समजावून द्यावी लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या भागात ती बाई एक शब्द बोलत नाही. कण्हते, किंचाळते, धापा टाकते, बस. काम केलंय अ‍ॅग्नेस मूरहेडने. हीच बाई १९४३ साली 'सस्पेन्स' या रेडिओ मालिकेत फोनवर बोलत, नुसत्या आवाजाच्या बळावर अमेरिकेला घाबरवून गेली होती. इथे तिच्याकडून भाषाच काढून घेतली, तर ती पाठीतून, खांद्यांतून, फरफटत टाकलेल्या पावलातून बोलते. जोडीला जेरी गोल्डस्मिथचं संगीत. दिग्दर्शक डग्लस हेज.

तर बाई एकाला कापडात गुंडाळून बदडते आणि विस्तवात टाकते. आजीने पसंतीची मान हलवली. मग कुऱ्हाड घेऊन छपरावर, आणि तबकडीचा चुराडा. आतून दुसऱ्याचा आवाज येतो, इंग्रजीत. साथीदार मेला, इथे राक्षसांची जमात आहे, पुन्हा कुणाला पाठवू नका, असं तो मुख्यालयाला सांगतोय. कॅमेरा तबकडीवर जातो, तिथे अमेरिकी हवाई दलाचं नाव. म्हणजे परग्रहवासी ती बाई. ते वीतभर जीव म्हणजे आपण.

हा शेवट जगभर नावाजला जातो. ते दिवसही तसलेच होते. भाग लागला त्यानंतर चार दिवसांनी नासाने हॅम नावाच्या चिंपांझीला अवकाशात धाडलं, आणि एप्रिलमध्ये गागारिन गेला. बाहेर जायला निघालेल्या माणसाला त्याच्याच टीव्हीवर 'घुसखोर' म्हणायला धाडस लागतं. लेखक रिचर्ड मॅथेसन. आकाराचा खेळ याने आधीही केला होता, 'द श्रिंकिंग मॅन' या १९५६ च्या कादंबरीत. तिथे माणूस आक्रसत जातो आणि घरातला कोळी त्याला राक्षस वाटू लागतो. इथे त्याने कॅमेरा कोळ्याच्या बाजूला लावला, असं मला वाटतं. बाईचं मुकेपणही तेवढ्यासाठीच आहे. ती बोलली असती तर बिंग पहिल्या मिनिटाला फुटलं असतं.

पण आजीला तो आवाज कळला नाही, अक्षरं वाचता आली नाहीत. तिच्यासाठी गोष्ट कुऱ्हाडीपाशी संपली. बाई जिंकली. मी मोठ्या उत्साहाने सगळं फोडून सांगितलं की अगं, ती माणसं होती, ती बाईच राक्षसीण होती! मला वाटलं, आता हिला धक्का बसणार.

"मग?" आजी म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचं कशाला?"

मी तेव्हा हसलो, पण नंतर भाग पुन्हा पाहिला आणि माझं मतच बदललं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आपली माया त्या अंतराळवीरांकडे सरकते. का? तर त्यांची भाषा आपल्याला कळते म्हणून. तेवीस-चोवीस मिनिटं जिच्याबरोबर जीव मुठीत धरून बसलो, तिला एका पाटीवरच्या चार शब्दांसाठी सोडून देतो. हवाई दलसुद्धा आपलं नाही, तरी सोडतो! हा कलाटणीचा भाग म्हणून ओळखला जातो, पण मला त्यातली कलाटणीच आता सगळ्यात कमी महत्त्वाची वाटते. ती बाई आवडते. आजोबा गेल्यावर अठरा वर्षं एकटी राहिलेल्या, रात्री माळ्यावर खुट्ट वाजलं की बॅटरी घेऊन स्वतःच चढणाऱ्या आमच्या आजीने तिला पहिल्या झटक्यात ओळखलं होतं.

लॅपटॉप मिटला तरी आजी उठेना. मला वाटलं अजून त्या तबकडीचा विचार करतेय.

"पायाला चांगलंच लागलं होतं रे तिच्या," ती म्हणाली. "हळद तरी भरली का नंतर?"