घरजावई वेबसाइट

आमच्या ओळखीच्या ताई वधू-वर सूचक केंद्र चालवतात. केंद्राची वेबसाइट व्यवस्थित चालू होती. पण मंडळी विचारतात, ॲप आहे का? ताई मला म्हणाल्या, ‘‘तीच साइट ॲपमध्ये घालून दे ना रे. तासाभराचं तर काम!’’

अँड्रॉइडमध्ये वेबव्ह्यू नावाची सोय असते. ॲपच्या पोटातला ब्राउझर, फक्त वर पत्त्याची पट्टी नसलेला. त्याला साइटचा पत्ता दिला की कागदोपत्री ॲप तयार. मी दिला. पडदा पांढराफटक. वेबव्ह्यूमध्ये जावास्क्रिप्ट, म्हणजे साइटला हलतं-बोलतं करणारी भाषा, मुळातच बंद असते आणि हल्लीच्या साइटी तिच्याशिवाय कूसही बदलत नाहीत. ती चालू केली, तर लोकल स्टोरेज, म्हणजे साइटची फोनमध्ये नोंदी ठेवायची जागा, बंद. क्रोममध्ये लाडात वाढलेली साइट इथे आली की घरजावई होते. कॅमेरा, फाइल, लोकेशन, सगळं मालकाकडे, म्हणजे ॲपकडे, मागायचं. आणि मालकाला ऐकू आलं नाही, तर तसंच बसून राहायचं.

ॲप गेलं लोकांच्या हाती. ताईंनी प्रेमाने माझा नंबर ‘तांत्रिक मदत’ म्हणून त्यात टाकला होता.

‘‘साहेब, मुलीचा फोटो चढत नाही. बटण दाबतोय, दाबतोय...’’ बटण खरोखरच काही करत नव्हतं. फाइल निवडायची खिडकी ॲपने स्वतः उघडून द्यावी लागते. नाही दिली तर एररसुद्धा येत नाही. एरर आली असती तर निदान बोलायला विषय तरी झाला असता.

फोटो चढू लागले, तर पत्रिका उतरेना. आमची साइट पत्रिकेची पीडीएफ फोनमध्येच बनवते, आणि अशी जागेवर बनलेली फाइल वेबव्ह्यूला उतरवता येत नाही. मुलाची आई म्हणाली, ‘‘समोरच्यांना वाटतंय आम्ही मुद्दाम पत्रिका लपवतोय. मंगळ आहे का काय!’’ यावर तांत्रिक उत्तर माझ्याकडे होतं. पण ते मंगळाला लागू नव्हतं.

मागे जायचं बटण हा त्याहून मोठा घोळ. आपण काही सांगितलं नसेल तर ते आधीच्या पानावर जात नाही, सरळ ॲपच्या बाहेर काढतं. एका गृहस्थांनी जेवणानंतर बसून स्थळं चाळत चाळत एक पसंत केलं, शेजारचं बघू म्हणून मागे गेले आणि थेट फोनच्या वॉलपेपरवर पोचले. वॉलपेपरवर गजानन महाराज होते. गृहस्थांना तो कौल वाटला, हे मला ताईंकडून कळलं.

फी भरताना यूपीआयची लिंक दाबली की ‘अननोन यूआरएल स्कीम’, म्हणजे असल्या जातीची लिंक ओळखीची नाही. स्कीम हा शब्द पैशांच्या पानावर दिसल्यावर लोक जे करतात तेच त्यांनी केलं. कुणी भरली नाही.

सगळ्यात सुरस प्रकरण गूगल लॉगिनचं. असल्या आतल्या ब्राउझरांतून लॉगिन करू द्यायचं नाही, हे गूगलने 2016 सालीच ठरवून टाकलं. कारण रास्त आहे: आतल्या ब्राउझरमध्ये टाइप केलेला पासवर्ड बाहेरच्या ॲपला वाचता येतो. मग पडद्यावर येतं, ‘403, डिसअलाउड यूजरएजंट’, म्हणजे हा ब्राउझर इथे चालत नाही. एका वडिलांनी फोनवर मला ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि तापले, ‘‘एजंट चालत नाही म्हणतंय हे! आम्ही कुठे एजंटमार्फत आलोय? डायरेक्ट स्थळ आहे आमचं!’’

एकेक दुरुस्त करत गेलो. लॉगिन बाहेरच्या ब्राउझरकडे वळवलं, मागच्या बटणाला वळण लावलं, यूपीआयचा रस्ता मोकळा केला. तोपर्यंत ॲपमध्ये साइट कमी आणि साइटीची मनधरणी जास्त झाली होती.

परवा ताईंचा फोन. ‘‘आता आयफोनवर आण रे. अमेरिकेतली मुलं सगळी आयफोनवाली.’’

मी म्हटलं, ‘‘ताई, ॲपलचा 4.2 क्रमांकाचा नियम आहे. नुसती वेबसाइट गुंडाळून ॲप म्हणून दिलेलं त्यांना चालत नाही. वर काहीतरी स्वतःचं लागतं.’’

ताईंनी क्षणभरच विचार केला. ‘‘मग राशिभविष्य टाक!’’