म्-गोय

हाँगकाँगला राहायला गेले तेव्हा तिथल्या कँटोनीज भाषेतला एकच शब्द पाठ होता, म्-गोय. म्हणजे थँक्यू, असं कुणीतरी सांगितलेलं. नवीन वर्षाला शेजारच्या आजींनी संत्र्यांची पिशवी हातात दिली, मी ऐटीत 'म्-गोय' म्हटलं आणि आजी खुदकन हसल्या. "दो-जे, दो-जे!"

थँक्यूला तिथं शब्द दोन. वस्तू मिळाली, कुणी जेवू घातलं, सणाचं पैशांचं लाल पाकीट दिलं, तर दो-जे. कुणी आपल्यासाठी हातपाय हलवले, दार धरलं, चहा आणून ठेवला, तर म्-गोय. दुकानात एकाच व्यवहारात दोन्ही ऐकू येतात. आपण पैसे दिले म्हणून गल्ल्यावरची बाई 'दो-जे' म्हणते, तिनं सामान भरून दिलं म्हणून आपण 'म्-गोय'. मला ही वाटणी फार आवडते. आपल्या थँक्यूत भेट आणि मेहनत एकाच तागडीत पडतात.

शब्दाची फोड केली तर 'म्' म्हणजे नाही (तोंड मिटूनच म्हणायचा, मागे-पुढे स्वर नाही) आणि 'गोय' म्हणजे करायला हवं. थोडक्यात, 'करायला नको होतंत'. अहो, हे तर आपलं 'कशाला उगाच त्रास घेतलात'! फक्त आपण ते पेढ्यांचा पुडा आणणाऱ्या पाहुण्याला म्हणतो, पाणी आणून देणाऱ्या वेटरला नाही. 'आपल्यात आभार मानत नाहीत, डोळ्यांत दिसतं' हे मीही खूप वर्षं म्हटलंय. आईच्या बाबतीत ते खरंही आहे. वॉचमनच्या डोळ्यांत आपण बघतो कधी?

शिवाय या शब्दाला कामं किती! वेटरला हाक मारायची, म्-गोय. गर्दीतून वाट हवी, 'म्-गोय, जे-जे'. लाल मिनीबसला तर थांब्याची बेलच नसायची, आपला स्टॉप आला की 'म्-गोय, याऊ-लोक!' म्हणून ओरडायचं, म्हणजे 'उतरणारं आहे हो'. ड्रायव्हर मागे न बघता नुसता हात वर करतो. सुरुवातीला माझा आवाजच फुटायचा नाही. दुसरं कुणीतरी ओरडेपर्यंत बसून राहायचे आणि तिथून परत चालत यायचे.

परवा पुण्यात घराचं वळण आलं आणि रिक्षात तोंडातून निसटलंच.

"काय म्हणालात?"

"काही नाही दादा, इथंच थांबवा."